चौसष्ट वेळा ‘नाही’

टक्केसाहेबांना हे नाव कारखान्यानं दिलं होतं आणि त्यांना ते मुळीच आवडत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, बुटांना रोज पॉलिश, खिशाला शाईचा डाग म्हणून कधी नाही. अशा माणसाच्या नावानं गेटवरच्या पहारेकऱ्यानं रोज सकाळी ‘टक्केसाहेब आले’ असा आत फोन करावा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. पण पहारेकऱ्याचं तरी काय चुकलं? गेले आठ महिने हा गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणत नव्हता. आजची बैठक वेळेवर होईल का, तर पंचावन्न टक्के. डब्यात आज काय आहे, तर बटाटा असण्याची शक्यता सत्तर टक्के. नव्यानं लागलेल्या एका कारकुनानं जिन्यात ‘नवीन वस्तू विभागाचे प्रमुख आपणच ना?’ असं विचारलं, तेव्हाही ते क्षणभर थांबले होते म्हणतात.

या सगळ्याचं मूळ एका वहीत होतं.

कारखाना स्टीलच्या भांड्यांचा. पातेली, डबे, चहाची गाळणी, असला सगळा प्रामाणिक माल. त्यात ‘नवीन वस्तू विभाग’ म्हणून एक खोली होती, एक कपाट होतं आणि दोन माणसं होती. एक टक्केसाहेब आणि दुसरा फिटर. फिटरच्या हातात कला होती आणि तोंडात सतत बडीशेप. या दोघांनी मिळून आजवर दोन नव्या वस्तू बाजारात आणल्या होत्या. पहिली म्हणजे कधीही न सांडणारा डबा. तो खरोखरच सांडत नसे, कारण तो उघडत नसे. एका गिऱ्हाइकानं तर आतल्या जेवणासकट परत पाठवला होता. दुसरी म्हणजे आपल्या आपण उभा राहणारा डाव. तो इतका छान उभा राही की बघत बसावं, फक्त त्यात आमटी राहत नसे. त्यानंतर धाकट्या साहेबांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, टक्केसाहेबांना बोलावून अगदी शांतपणे सांगितलं की आता तिसरी वस्तू, आणि तीच शेवटची संधी. ती जमली तर विभाग राहील. नाही जमली तर कपाट गोदामात, फिटर प्रेस-मशीनच्या दुरुस्तीवर, आणि टक्केसाहेब माल रवाना करणाऱ्या खात्यात, खोकी मोजायला.

टक्केसाहेबांना खोक्यांची भीती नव्हती. भीती होती ती तिथल्या मुख्य कारकुनाची, जो पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली शिकला होता आणि अजूनही त्यांना बघून उठून उभा राही. उद्या त्याला बघून आपल्याला उठावं लागणार, हा विचार मनात आला की ते ताट अर्धं टाकून उठत.

तिसरी वस्तू होती दूध उतू जाऊ न देणारं झाकण. कल्पना साधी आणि खरं म्हणजे चांगली होती. झाकणाच्या मधोमध वाटीसारखा खळगा, कडेनं बारा भोकं, खळग्याच्या तळाला एक तेरावं. दूध वर आलं की फेस बारा भोकांतून वर यावा, खळग्यात जरा थंड व्हावा, आणि तेराव्यातून निमूट खाली जावा. फिटरनं साबणाच्या पाण्यावर करून दाखवलं तेव्हा फेस असा शहाण्यासारखा वर आला आणि खाली गेला की टक्केसाहेबांना गहिवरून आलं.

नेमके त्याच सुमाराला धाकटे साहेब चार दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. येताना एक जाडजूड फाइल आणि एक पक्कं मत घेऊन आले. नवी वस्तू का फसते? तर आपल्याला काय माहीत नाही, हेच आपल्याला माहीत नसतं म्हणून. तेव्हा विभागानं एक ‘अनिश्चिततेची वही’ ठेवायची. जे जे माहीत नाही ते ते त्यात लिहायचं, पुढे टक्के लिहायचे, आणि लाल, पिवळी किंवा हिरवी टिकली लावायची. दर सोमवारी तपासणी. दर महिन्याला अनिश्चितता निम्मी झालीच पाहिजे.

पहिल्या आठवड्यात टक्केसाहेबांनी नऊ नोंदी केल्या. मूठ तापेल का, चाळीस टक्के. झाकण सगळ्या मापांच्या पातेल्यांवर बसेल का, पस्तीस टक्के. धाकट्या साहेबांना नऊ फारच कमी वाटल्या. नीट विचार केलेला दिसत नाही, म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात एकवीस झाल्या. त्यात ‘ही वही हरवण्याची शक्यता, पाच टक्के’ अशीही एक होती आणि तिचं खास कौतुक झालं. मग ‘फिटर आजारी पडण्याची शक्यता, दहा टक्के’ अशी एक नोंद गेली, आणि ती फिटरनं वाचली. त्यानं बडीशेप थुंकली आणि विचारलं की मला आजारी पाडायचं कुणी ठरवलं. पुढच्याच आठवड्यात त्याला ताप आला. चार दिवसांनी परत आला तो थेट वहीकडेच गेला आणि म्हणाला, आता तरी शून्य करा, माझा यंदाचा ताप येऊन गेला. टक्केसाहेबांनी तीन टक्क्यांवर तडजोड केली.

अनिश्चितता दर महिन्याला निम्मी करणं हे मात्र टक्केसाहेबांना वाटलं होतं तितकं अवघड निघालं नाही. खोडरबरानं ते व्यवस्थित जमत असे.

मधल्या काळात सरकारी प्रमाणपत्राचं काम निघालं. त्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी झाकण उजेडाकडे धरलं आणि हे झाकण नाही म्हणून सांगितलं. झाकणाला वाफेसाठी एक भोक चालतं, फार तर दोन. तेरा भोकं म्हणजे चाळणी. टक्केसाहेब चाळणीच्या खिडकीवर गेले. तिथल्या गृहस्थांनी खळग्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, चाळणीत काही साचता कामा नये, नियमच आहे तसा. मग वाटी म्हणावी, तर वाटीला भोक नसतं. शेवटी त्यांना ‘इतर’ या खिडकीवर पाठवण्यात आलं. त्या खिडकीमागे खुर्चीला एक स्वेटर अडकवलेला होता आणि माणूस रजेवर होता. टक्केसाहेब त्या स्वेटरसमोर तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी स्वेटरचा मालक आला, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ‘सच्छिद्र वाटी (घरगुती)’ या नावानं प्रमाणपत्र दिलं. ते टक्केसाहेबांनी चार घड्या घालून बॅगेत ठेवलं आणि फिटरलाही दाखवलं नाही.

आता राहिल्या त्या खऱ्या दुधावरच्या चाचण्या. कारखान्याचा कँटीनवाला शेगडीला कुणाला हात लावू देत नसे. विभागातल्या विजेच्या शेगडीवर दूध उकळायला पाऊण तास लागे, तोवर त्याचं दही होईल असं फिटरचं म्हणणं. धाकट्या साहेबांच्या फाइलीत तर स्पष्टच लिहिलं होतं की वस्तू खऱ्या वापराच्या जागी, खऱ्या माणसांच्या हाती द्यावी. तेव्हा चाचण्या टक्केसाहेबांच्या घरी करायच्या ठरल्या. त्यांची पत्नी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती आणि सकाळी सहालाच घर सोडत असे. पण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासूबाई त्यांच्याकडेच राहायला आल्या होत्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, अक्षर मोत्यासारखं, शिस्त कडक. टक्केसाहेबांनी त्यांना एक तक्ता आखून दिला. तारीख, वेळ, दुधाचं माप, आणि शेवटचा रकाना: ‘उतू गेलं का?’ त्यात हो किंवा नाही लिहायचं.

रोज सकाळी पावणेसातला टक्केसाहेब स्वतःच्या हातानं दूध गॅसवर ठेवत, वर झाकण बसवत, आणि दाढी-अंघोळीला जात. त्यांची दाढी-अंघोळ बारा मिनिटांची. बाहेर येईपर्यंत दूध तापलेलं असे, ओटा लख्ख असे, आणि शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असे. सुट्टीच्या दिवशी ते स्वयंपाकघरात डोकावत. तेव्हा सासूबाई म्हणत, तुम्ही बसा हो पेपर वाचत, मी आहे ना इथं. आणि टक्केसाहेब बसत. आता कुणी म्हणेल, जातीनं उभं राहून बघायला काय झालं होतं? पण प्रकल्पाच्या प्रमुखानं पातेल्यापाशी उभं राहायचं नसतं, त्यानं निष्कर्ष काढायचे असतात, असं त्यांचं मत होतं. आणि ते एकट्या त्यांचंच होतं असंही नाही.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी झाकण हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाल्या की एवढा खटाटोप कशाला, पातेल्यावर आडवा चमचा ठेवला तरी दूध उतू जात नाही. चमचा प्रत्येकाच्या घरात होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वहीत नोंद केली: ‘प्रतिस्पर्धी – चमचा. पंधरा टक्के. पिवळी टिकली.’ धाकट्या साहेबांनी ती वाचून बाजारपेठेचा उत्तम अभ्यास असा शेरा मारला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहत. उभी नोकरी पूल बांधण्यात गेलेली, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणत. चौसष्टावी चाचणी झाली त्या शुक्रवारी संध्याकाळी टक्केसाहेब तक्ता घेऊन आपण होऊन त्यांच्याकडे गेले, कारण मोठं यश कुणाला तरी दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पूलवाल्यांनी चष्मा बदलून वरपासून खालपर्यंत सगळे ‘नाही’ वाचले.

“चौसष्टपैकी चौसष्ट?” त्यांनी विचारलं.

“चौसष्ट,” टक्केसाहेब नम्रपणे म्हणाले.

“मग घोळ आहे. मी एकतीस पूल बांधले. इतका गुणी मला एकही भेटला नाही.”

टक्केसाहेबांनी तक्ता काढून घेतला आणि चहा अर्धा टाकून उठले. जिना उतरताना त्यांनी या माणसाशी यापुढे फक्त मान हलवण्यापुरताच संबंध ठेवायचा असं ठरवलं. लोखंड-सिमेंटात आयुष्य गेलेल्या माणसाला दुधातलं काय कळणार? तरीसुद्धा घरी येऊन त्यांनी वही उघडली, आणि आतली एकूण एक टिकली हिरवी आहे हे पुन्हा एकदा बघून घेतलं. उद्या शनिवारी प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी खुद्द थोरले साहेब, म्हणजे कारखाना ज्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला ते, येणार होते. वय अठ्ठ्याहत्तर. अलीकडे ते कारखान्यात फारसे येत नसत.

शनिवारी सकाळी टक्केसाहेबांनी नेहमीसारखं दूध ठेवलं आणि दाढीला गेले. एका गालाची दाढी झाली, दुसऱ्याला फेस लावून झाला आणि नळाचं पाणी गेलं. पाच मिनिटं त्यांनी नळाकडे बघितलं. मग स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणायला म्हणून तसेच बाहेर आले.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, एक हात कमरेवर, दुसरा गॅसच्या बटणावर. झाकणाच्या भोकांतून दुधाचा पहिला पांढरा बुडबुडा डोकावला. सासूबाईंनी बटण फिरवलं. गॅस बंद झाला. दूध दमून खाली बसलं. त्यांनी कानामागचं पेन काढलं आणि पासष्टाव्या ओळीत मोत्यासारखं ‘नाही’ लिहिलं.

टक्केसाहेब दारातच थांबले. गालावरचा फेस सुकायला लागला होता.

“आई, तुम्ही गॅस बंद केलात?”

“मग?”

“रोज करता?”

“रोज करते. दूध वर आल्यावर काय करतात?”

“पण आई, ते उतू जातंय का तेच तर बघायचं होतं.”

सासूबाईंनी पेन ओट्यावर ठेवलं. त्यांचा चेहरा बघून टक्केसाहेबांना वाटलं, शाळेत यांच्या वर्गात कुणी आवाज करत नसेल.

“पन्नास वर्षं मी दूध तापवतेय. ते उतू जाताना मी नुसती बघत उभी राहू? तुम्ही मला विचारलंत उतू गेलं का. नाही गेलं. मी नाही लिहिलं. यातला एक तरी नाही खोटा आहे का, सांगा.”

एकही खोटा नव्हता. टक्केसाहेबांनी मनातल्या मनात सगळा तक्ता उलटसुलट करून बघितला, पण त्यात खोट अशी सापडेना. प्रश्न त्यांनीच विचारला होता. सासूबाई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. टक्केसाहेबांनी पिण्याच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि दाढी अर्धीच ठेवून कामावर निघाले. डावा गाल गुळगुळीत आणि उजवा तसाच, हे त्यांच्या लक्षात बसमध्ये आलं, तेही शेजारचा माणूस दोनदा वळून बघायला लागला तेव्हा.

गेटवरच फिटर भेटला. त्यानं आज इस्त्रीचा सदरा घातला होता आणि झाकण घासूनपुसून रुमालात गुंडाळून आणलं होतं. टक्केसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फिटरनं बडीशेप थुंकली.

“कुणाला सांगू नका,” तो म्हणाला. “तक्ता आहे, वही हिरवी आहे, साबणावर चालतंय. आजचा दिवस काढू. दुधाचं सोमवारी बघू.”

“आणि आजच उतू गेलं तर?”

“तर शेगडी वाकडी होती म्हणायचं. साहेब, मला दुरुस्तीवर नका पाठवू. तिथं मी दिवसभर दुसऱ्यांनी मोडलेलं जोडणार. इथं मी काहीतरी करतो.”

टक्केसाहेब चालायला लागले. कँटीनच्या दारापर्यंत त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. खरं सांगावं असंही ठरवलं नव्हतं आणि लपवावं असंही नाही. टक्केच काढायचे तर पन्नास-पन्नास होतं, म्हणजे टक्क्यांचा काही उपयोग नव्हता.

कँटीनवाल्यानं त्या दिवसापुरती शेगडी मोकळी करून दिली होती आणि तो हाताची घडी घालून दाराशी पहाऱ्याला उभा होता. थोरले साहेब खुर्चीत बसले होते, शेजारी धाकटे साहेब उभे. थोरल्या साहेबांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही, पण तक्ता हातात घेतला आणि एकेक ओळ बोट लावून वाचत गेले. शेवटी त्यांनी अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. टक्केसाहेबांनी सासूबाईंचं असं सांगितलं. वय किती, गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, हेही त्यांनी विचारून घेतलं.

“पायाचं दुखणं घेऊन ही बाई पासष्ट दिवस शेगडीपाशी उभी राहिली,” थोरले साहेब मुलाला म्हणाले. “आपल्याकडे इतकं मन लावून कोण करतं?”

इथं टक्केसाहेबांना राहवलं नाही. त्या घरी दार लोटून बसल्या होत्या आणि इथं त्यांचं कौतुक चाललं होतं; या दोन्ही गोष्टी आपल्यामुळे झाल्या, याची त्यांना लाज वाटली. फिटरकडे न बघता ते म्हणाले, “साहेब, त्या रोज गॅस बंद करत होत्या. झाकणाची चाचणी एकदाही झालेली नाही.”

धाकट्या साहेबांनी वही उघडली. ही शक्यता वहीत कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कुठेच नाही, टक्केसाहेब म्हणाले. एक्केचाळीस नोंदींत नाही? नाही. धाकटे साहेब पानं पुढे-मागे करत राहिले, जणू ती नोंद हिरव्या टिकलीखाली दबून राहिली असावी. फिटरनं रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

थोरले साहेब मात्र उठून शेगडीपाशी गेले आणि मग आत्ताच बघू म्हणाले. दूध ठेवलं गेलं, वर झाकण बसलं. पाच जण शेगडीभोवती जमले, कँटीनवाला धरून. तीन मिनिटं गेली. मग भोकांतून फेस आला, खळग्यात जमायला लागला, आणि तेवढ्यात टक् असा आवाज होऊन गॅस बंद झाला. सगळ्यांनी बघितलं. बटणावर थोरल्या साहेबांचा हात होता.

ते ओशाळले. हात आपोआप गेला, म्हणाले. ही गेल्यापासून घरी दूध मीच तापवतो. मग धाकट्या साहेबांनी हुकूम सोडला की आता सगळ्यांनी हात मागे बांधायचे, अपवाद कुणालाही नाही. दुसरं पातेलं चढलं. पाच मोठी माणसं हात मागे बांधून शेगडीकडे बघत उभी राहिली. फेस वर आला. खळगा निम्मा भरला. खळगा काठोकाठ भरला. काठावर दूध फुगून उभं राहिलं, पडेल की परत फिरेल ते कळेना. कँटीनवाल्यानं डोळे मिटून घेतले. आणि पुन्हा टक् झालं.

या वेळी हात टक्केसाहेबांचा होता. कधी सुटला आणि कधी पुढे गेला, त्यांना कळलंच नाही. त्यांनी आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं.

“तुमचाच भरवसा नाही झाकणावर?” धाकट्या साहेबांनी विचारलं.

“साठ...” टक्केसाहेबांनी सवयीनं सुरुवात केली आणि ते थांबले. साठ कुठून आले? आजवरचे सगळे साठ, पस्तीस आणि पंधरा कुठून आले होते? “माहीत नाही,” ते म्हणाले. “साहेब, मला खरंच माहीत नाही हे झाकण चालतं की नाही.”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते. पायाखालची फरशी हलल्यासारखी भीती त्यांना वाटली, आणि खोटं कशाला बोलायचं, थोडं बरंही वाटलं.

धाकटे साहेब खोक्यांच्या खात्याबद्दल काहीतरी बोलायला लागले होते. थोरल्या साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. खुर्चीत बसून त्यांनी गार झालेलं दूध मागून घेतलं आणि कपात ओतून प्यायले.

“आठ महिन्यांत यांना पहिल्यांदाच काहीतरी कळलंय,” ते म्हणाले. “तीन महिने द्या. आणि तुम्ही तीन महिन्यांनी मला काहीही सांगा, चालतं म्हणा, नाही म्हणा. फक्त बघून सांगा.”

टक्केसाहेबांनी वहीत नवीन नोंद केली: ‘झाकण चालतं का? माहीत नाही.’ धाकट्या साहेबांनी तिच्यापुढे लावायला टिकली शोधली. त्यांच्याजवळच्या तिन्ही रंगांत या उत्तरासाठी रंग नव्हता, म्हणून जागा मोकळीच राहिली. फिटरनं कपाट गोदामात जाणार नाही ना, एवढं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच तोंडात नवी बडीशेप टाकली.

घरी मात्र प्रकरण सोपं नव्हतं. सासूबाई शनिवारी संध्याकाळी जेवायला बसल्या, पण जावयाशी बोलल्या नाहीत. टक्केसाहेबांची पत्नी मधून मधून दोघांकडे बघत होती आणि आपल्या ताटात हसत होती. रविवारी सकाळी टक्केसाहेब तक्ता घेऊन सासूबाईंच्या दारात उभे राहिले.

“आई, तुमचा एकही नाही खोटा नव्हता. मी रकानाच चुकीचा आखला. आणि उभं राहून बघायचं काम माझं होतं, ते मी तुमच्यावर टाकलं.”

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मग आता मी काय करायचं?”

“तुम्ही बाहेरच्या खोलीत बसायचं. काहीही वास आला तरी उठायचं नाही.”

हे त्यांना कठीण जाणार होतं, पण त्या बसल्या. टक्केसाहेबांनी दूध ठेवलं, झाकण बसवलं, आणि दोन्ही हात पायजम्याच्या खिशांत घालून आतून कापड घट्ट धरून ठेवलं. दोनदा बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दोनदा ती परत जागेवर गेली. फेस भोकांतून वर आला. खळगा भरला. काठावर दूध फुगलं. टक्केसाहेबांची खिशातली बोटं वळवळायला लागली. दूध क्षणभर थबकलं, आणि मग काठावरून, झाकणावरून, पातेल्यावरून सरळ खाली आलं. बर्नर फसफसला, ज्योत पिवळी झाली, दूध ओट्यावरून घरंगळत जमिनीवर टपकायला लागलं. तेव्हा कुठे त्यांनी हात बाहेर काढून गॅस बंद केला.

“उतू गेलं?” बाहेरून आवाज आला.

“गेलं, आई.”

“मग हसताय काय?”

आपण हसतोय हे टक्केसाहेबांना माहीत नव्हतं. या झाकणाबद्दल काहीतरी आज त्यांना पक्कं कळलं होतं, आणि ते कुठल्याही टक्क्यांत बसत नव्हतं.

सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी ओट्यावरच्या दुधाकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून हळहळ निघाली, ती निघणारच होती. पण मग त्या वाकल्या, झाकण फडक्यानं उचललं आणि उजेडात धरून बराच वेळ निरखत राहिल्या.

“डावीकडूनच गेलंय सगळं,” त्या म्हणाल्या. “उजवीकडची भोकं कोरडी आहेत. तुमच्या त्या फिटरला सांगा, खळगा एका बाजूला कललाय. पन्नास वर्षं बघतेय मी, दूध नेहमी वाट सोपी असेल तिकडूनच जातं.”

टक्केसाहेबांनी झाकण घेऊन बघितलं. उजवीकडची सहाच्या सहा भोकं खरोखरच कोरडी होती. पासष्ट दिवस रोज या झाकणासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण फक्त हो की नाही एवढंच विचारलं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जमीन पुसायला फडकं ओलं केलं.

सासूबाईंनी तक्त्याचं नवं पान काढलं. पहिल्या ओळीत तारीख घातली, वेळ घातली, आणि शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. मग जरा विचार करून त्यांनी पट्टी मागितली आणि त्याच्या शेजारी स्वतःच एक नवा रकाना आखला: ‘कुठून गेलं?’

“दुसरं पातेलं ठेवा,” त्या म्हणाल्या, आणि हात मागे बांधून ओट्यापाशी उभ्या राहिल्या.